दोन दिवसांची जनरल मॅनेजर

लिमये सरांनी माझ्या टेबलावर प्लास्टिकची एक डबी ठेवली आणि म्हणाले, "अभिनंदन."

डबीत शंभर व्हिजिटिंग कार्डं होती. वर माझं नाव. खाली पद: जनरल मॅनेजर, ऑपरेशन्स.

मी तेव्हा प्रोसेस इंजिनियर होते. नोकरीला साडेतीन वर्षं झाली होती. माझ्या हाताखाली एक स्टॉपवॉच होतं, दुसरं कुणी नव्हतं.

"सर, हे कसलं?"

"दोन दिवसांपुरतं आहे. आण्णांनी ओके केलंय."

"आणि पगार?"

"कार्डावर पगार छापत नाहीत, करुणा."

लिमये सर आमचे एचआर. तसं पाहिलं तर एचआर, अ‍ॅडमिन, कँटीन, गेटपास आणि दसऱ्याची पूजा, सगळं तेच बघतात. त्यांच्या हातात अशा आणखी सात डब्या होत्या. त्या वाटायला ते पुढे गेले.

आमची कंपनी चाकणला आहे. प्रेस शॉप. प्रेस म्हणजे माणसाच्या तिप्पट उंचीचं मशीन. खाली साचा, वर साचा, मध्ये लोखंडी पत्रा. वरचा साचा दणकन खाली येतो आणि पत्र्याचा पार्ट तयार होतो. या एका दणक्याला स्ट्रोक म्हणतात. तुमच्या गाडीच्या सीटखाली, दाराच्या आत, बॉनेटच्या कडेला असे पुष्कळ पार्ट असतात. ते कुणी कधी पाहत नाही. ते आम्ही बनवतो.

मालक म्हणजे आण्णा. इथल्याच जुन्या गावातले. जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, आण्णांनी दोन जुन्या प्रेस घेतल्या. आज चौदा आहेत. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर आण्णा स्वतः गाडी पाठवतात. पण त्यांची खुर्ची सोडून दुसऱ्या कुठल्या खुर्चीवरून निर्णय झालेला मी पाहिला नव्हता. मीटिंगला आम्ही बारा जण बसायचो आणि एक जण बोलायचा. बाकी अकरा जण "बरोबर आहे आण्णा" एवढं वेगवेगळ्या पट्टीत म्हणायचे.

त्या वेळी आमच्या दोन सगळ्यात मोठ्या प्रेस बंद होत्या. एका जुन्या गिऱ्हाइकाने गाडीचं मॉडेल बंद केलं, त्याबरोबर आमचं काम गेलं. त्या प्रेसवरचे लोक एक आठवडा कामावर, एक आठवडा घरी, असे चालले होते. तेवढ्यात एका कोरियन कंपनीने सीटच्या ब्रॅकेटसाठी विचारणा केली. चार महिने मेल चालले. त्यांच्याकडून मिन नावाचा एक इंजिनियर लिहायचा, इकडून मी. आता त्यांची माणसं शेवटच्या बोलणीसाठी दोन दिवस येणार होती. ऑर्डर मिळाली तर दोन्ही प्रेस चालू होणार होत्या. सगळ्यांना ती हवी होती. मलाही.

आणि म्हणून लिमये सरांनी एका दुपारी भोसरीच्या प्रिंटरकडे जाऊन आठ जणांची बढती केली होती.

त्यांचं म्हणणं असं. कोरियन लोक पदाला फार मान देतात. समोर त्यांचा सांगमू येणार, म्हणजे मोठा डायरेक्टर. त्याच्यासमोर आपण इंजिनियर बसवला तर तो अपमान समजेल. त्यामुळे प्रोसेस इंजिनियर झाली जनरल मॅनेजर. स्टोअरचे सातपुते झाले हेड, ग्लोबल लॉजिस्टिक्स. आण्णांचा पुतण्या, जो महिन्यातून दोनदा येतो, तो झाला व्हाइस चेअरमन. घाईत दोन चीफ ऑपरेटिंग ऑफिसर झाले होते. एकाच्या कार्डावर सरांनी पेनाने 'डेप्युटी' लिहिलं.

"सर, हे खोटं आहे," मी म्हणाले.

"खोटं कसलं? त्यांची संस्कृती आहे. आपण आदर करतोय."

"आणि आपली संस्कृती काय आहे?"

"आपल्याकडे सगळे समान आहेत गं," सर म्हणाले, आणि दारात आण्णांची चाहूल लागली तसे खुर्चीतून उठून उभे राहिले.

संध्याकाळी काळेवाडीला घरी आले आणि कार्ड पप्पांना दाखवलं. पप्पा पिंपरीच्या एका कंपनीतून रिटायर झालेत. युनियनचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि जयंतीच्या स्टॉलवरच्या पुस्तिका जास्त. त्यामुळे मला लहानपणी वाटायचं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच.

पप्पांनी चष्मा लावून कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं.

"आयुष्यभर जीएमच्या विरोधात घोषणा लिहिल्या," ते म्हणाले, "आणि आता घरातच जीएम. उद्यापासून दारात गेट मीटिंग घ्यायची का?"

"घ्या. मागणी काय?"

"सकाळचा चहा वेळेवर." मग हसू आवरून म्हणाले, "कार्ड खोटं आहे, पण त्याच्या जोरावर तू सही करशील ती खरी असणार. कशाखाली करतेस ते वाचून कर."

आईने तोवर दोन कार्डं शेजारी देऊन टाकली होती.

पाहुणे येण्याच्या आधी ऋतुजाने आमचा एक तास घेतला. ऋतुजा दुभाषी. चऱ्होलीची मुलगी. आधी मोबाइलवर कोरियन मालिका बघून आणि मग पुण्यात रीतसर कोर्स करून भाषा शिकली. आता चाकणच्या कंपन्या तिला दिवसाच्या हिशेबाने बोलावतात.

"कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं," ती म्हणाली. "घेतलेलं लगेच खिशात घालायचं नाही, समोर टेबलावर ठेवायचं. ते एकमेकांना नावाने नाही, पदाने हाक मारतात. तुमच्याशी पण तसंच बोलतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्याच्या पदाचं काम, त्यालाच ते प्रश्न विचारतील. त्याने हो म्हटलं की ते कंपनीचं हो. संध्याकाळी ते लिहून घेतात आणि सही घेतात."

"इचारलं तर व्हय म्हनायचं," आण्णांनी तिथंच सगळ्यांना सांगून टाकलं. "पाव्हन्याला न्हाई म्हनायचं न्हाई. पुढचं नंतर बघू."

धंद्यातल्या बोलण्यांबद्दल पुस्तकं खूप आहेत. मी दोन वाचलीत. पण आमच्या पट्ट्यातली निम्मी बोलणी या तीन शब्दांवर चालतात: नंतर बघून घेऊ. आपल्याकडे पाहुण्याला 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं आणि मोठ्यासमोर 'नाही' म्हणणं मस्तीचं. म्हणून सगळे 'हो' म्हणतात, आणि त्या 'हो'चं ओझं कुणीतरी नंतर उचलतं. हे 'नंतर' कुठं राहतं ते मला माहीत होतं. ते प्रेस नंबर चारवर राहतं. तिथं गोविंदमामा काम करतात.

गोविंदमामा लातूरकडचे. वीस वर्षं प्रेसवर. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. ते आमच्याकडे नाही झालं, आधीच्या ठिकाणी झालं. त्यावर कुणी विषय काढला तर मामा हात वर करून दाखवतात. "पाच मिनटं सुट्टी मागितली तर सायेब म्हनतेत चारच घे. हातच तसा दिसतोय माझा, काय करनार." मग स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसतात.

पहिला दिवस मजेत गेला. तिघे आले. सांगमू हान, पन्नाशीचे, शांत. त्यांचे खरेदीचे प्रमुख. आणि मिन, माझ्याच वयाचा, ज्याच्या कार्डावर मॅनेजर लिहिलं होतं. आण्णांनी फेटे बांधले. हान साहेबांनी फेटा दिवसभर काढला नाही, म्हणून मिननेही काढला नाही, म्हणून आमचा व्हाइस चेअरमनही काढू शकला नाही आणि घामाने हैराण झाला.

पाहुण्यांनी आमची कार्डं टेबलावर रांगेत लावली, आम्ही बसलो होतो त्या क्रमाने. आणि मग त्यांनी त्या कार्डांवर विश्वास ठेवून काम सुरू केलं. ही शक्यता लिमये सरांनी धरलीच नव्हती. खरेदीच्या प्रमुखांनी सातपुतेंना विचारलं, बंदरावर संप झाला तर तुमचा पर्यायी मार्ग काय? सातपुते रोज टेम्पोवाल्यांशी भांडतात, समुद्राशी त्यांचा संबंध आलेला नाही. ते म्हणाले, "यस." पुढच्या तीन प्रश्नांनाही यस म्हणाले. खरेदीच्या प्रमुखांनी चारही यस लिहून घेतले.

माझ्याशी बोलताना हान साहेब दर वेळी आधी 'जनरल मॅनेजर' म्हणायचे आणि मान किंचित झुकवायचे. पहिल्या दोन वेळा मी मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास स्क्रीनवर आमच्या ब्रॅकेटची शीट आली. तिच्यात एक ओळ होती. सायकल टाइम: आठ सेकंद.

सायकल टाइम म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ. पत्रा ठेवा, हात बाहेर घ्या, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबा, स्ट्रोक, पार्ट काढा. पुन्हा पत्रा ठेवा. याच वेळेवर पार्टची किंमत ठरते, म्हणून गिऱ्हाइकाला ती कमी हवी असते.

पण प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात. त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक पडदा असतो. त्यात हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. या पडद्यामुळे हात पूर्ण बाहेर यायची वाट पाहावी लागते. मी आमच्या अशाच एका जुन्या पार्टवर मोजलं होतं. पडदा चालू असताना अकरा सेकंद. पडदा बंद करून आठ.

पडदा बंद करायची एक चावी असते. ती फक्त दुरुस्तीसाठी. पण घाईच्या दिवशी ही चावी आपोआप फिरते. कुणी फिरवली ते कधीच कुणाला माहीत नसतं. फक्त हात कुणाचा आत होता ते माहीत असतं.

हान साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जनरल मॅनेजर. आठ सेकंद होतील?"

माझ्या समोर 'हो' तयार होतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. बंद पडलेल्या दोन प्रेस डोळ्यांसमोर होत्या. एक आठवडा घरी बसणारी माणसं मला नावाने माहीत होती. आणि गोविंदमामाही.

"नाही," मी म्हणाले. "अकरा."

ऋतुजा माझ्या कानाशी आली. "ताई, असंच सांगू?"

"असंच सांग."

तिने सांगितलं. आण्णांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू होतं, ते तसंच राहिलं. ते पाहुण्यांकडे बघत, गोड आवाजात माझ्याशी बोलले.

"पोरी, काय लावलंयस हे? हसत बोल. त्यांना कळता कामा न्हाई."

"हसतेच आहे आण्णा. आठ होणार नाही."

"व्हतंय की. दिवाळीच्या टायमाला केलंवतं आपन."

"पडदा बंद करून केलं होतं."

"मग?"

"मग मामांचा हात आत असताना प्रेस खाली आली तर उरलेली बोटं कुठून आणायची?"

"दात दाखव, दात. सांगमू बघतोय. आता मान हलव आन व्हय म्हन. नंतर बघू."

मी मान हलवली. आडवी.

लिमये सर कपाळ पुसत, हसत हसत म्हणाले, "करुणा, आण्णांना न विचारता जीएम असं परस्पर..."

"सर, जीएम तुम्हीच छापलीत."

हान साहेबांनी ऋतुजाला काहीतरी विचारलं. नंतर कळलं, त्यांनी विचारलं होतं की काय चाललंय. ती म्हणाली, चर्चा चालू आहे. त्यावर ते म्हणाले, "फार आनंदात चर्चा करतात हे लोक."

मग ते आण्णांकडे वळले. "जनरल मॅनेजर नाही म्हणतात. चेअरमनसाहेबांचं मत काय?"

आण्णांसमोर दोनच रस्ते होते. मला खोडून काढायचं, म्हणजे टेबलावरच्या आठही कार्डांची पत जायची. आमच्या जीएमला काही किंमत नाही, हे मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यासारखं व्हायचं. नाहीतर माझ्या मागे उभं राहायचं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हसू तसंच होतं. फक्त कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आण्णा उभे राहिले. फेटा सारखा केला.

"आमच्या जीएम अकरा म्हनल्या ना? मग अकरा. आमच्यात जीएमचा शब्द मालकबी खोडत न्हाई. सांग त्यांना."

हे वाक्य आमच्या कंपनीत त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. लिमये सरांना पाणी पिताना ठसका लागला.

मला खोटं श्रेय द्यायचं नाही. आण्णांना त्या क्षणी कामगारांचा कळवळा आला होता असं नाही. त्यांनी इज्जत वाचवली. पण इज्जत वाचवायला त्यांना बरोबर बाजूला उभं राहावं लागलं, आणि ते पूर्ण ताठ उभे राहिले. त्यांनी ते अर्धवट केलं असतं तर सगळं कोसळलं असतं.

आता ऑर्डर गेली असं आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात मिन उभा राहिला.

दीड दिवस तो एक शब्द बोलला नव्हता. फक्त लिहीत होता. तो हान साहेबांसमोर कमरेत वाकला आणि खाली बघत बराच वेळ कोरियनमध्ये बोलला. आम्ही ऋतुजाकडे पाहिलं. तिने हाताने थांबा अशी खूण केली.

"त्यांचं घरातलं चाललंय," ती कुजबुजली. "हे सांगत नसतात."

हान साहेब ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, मिनने एकच शब्द उत्तर दिलं, आणि ते उत्तर ऋतुजाच्या मदतीशिवाय आम्हाला सगळ्यांना कळलं. रोबोट.

नंतर मिनकडून कळलं, आठ सेकंद हा आकडा त्यांच्या तिकडच्या कारखान्यातला होता. तिथं पत्रा रोबोट ठेवतो. रोबोटला बोटं नसतात, पडदा लागत नाही. कुणीतरी वरच्याने तो आकडा आमच्या शीटमध्ये टाकायला सांगितला होता. खालच्या सगळ्यांना चूक माहीत होती. कुणी बोललं नव्हतं.

हान साहेबांनी कागद बाजूला ठेवला. "मशीन दाखवा."

आम्ही सगळे शॉपवर गेलो. गोविंदमामा प्रेस चारवर तयारच होते. तीन सुटाबुटातले लोक आणि आण्णांचा फेटा येताना बघून म्हणाले, "लगीन कुनाचं हाय?"

मामांनी त्याच जुन्या पार्टचे वीस नग काढले. हान साहेब स्वतः घड्याळ लावून उभे होते. अकरा. एकदा साडेदहा, दोनदा सव्वाअकरा, बाकी अकरा.

"हे कमी कसं करता येईल?" त्यांनी मला विचारलं.

"मला नका विचारू," मी म्हणाले. "यांना विचारा."

ऋतुजा क्षणभर घुटमळली. सांगमूने ऑपरेटरला विचारायचं हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आमच्या रीतीत तरी कुठं बसत होतं? पण हान साहेबांनी मान झुकवली, आणि गोविंदमामांना विचारलं.

मामांनी हातमोजे काढले, खडू घेतला आणि फरशीवर बसून चित्र काढायला लागले. "कपाटाचा खन असतोय बगा, तसं करा. खनाला दोन खड्डे. एक आत, एक भाईर. आतल्याचा स्ट्रोक होईपतुर मी भाईरच्यात पत्रा ठिवतो. मग खन सरकवायचा. माझा हात पडद्याच्या आत जायाचंच काम नाही."

चित्र अर्धं झालं असेल तोवर मिन खाली बसला. त्याने खडू घेतला आणि खण कसा सरकेल, कुठं अडेल, ते काढलं. मामांनी त्याच्या हातातून खडू घेऊन एक रेघ पुसली आणि दुसरी मारली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. ऋतुजा रिकामी उभी होती. मग मी बसले. मग हान साहेब सूट सावरून उकिडवे बसले. सांगमू खाली बसल्यावर आण्णांना उभं राहता येईना, तेही बसले. लिमये सर तेवढे उभे राहिले, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे.

"गोविंदा," आण्णा म्हणाले, "हे आधी का न्हाई रं बोलला?"

"इचारलं कवा तुमी, आन्ना?"

आण्णा असे खदाखदा हसले की शेजारच्या प्रेसवरची पोरं काम थांबवून बघायला लागली.

खणाच्या हिशेबाने साडेनऊ सेकंद येत होते. हान साहेब म्हणाले, साडेनऊ चालेल. मी म्हणाले, पडदा चालू ठेवून साडेनऊ, आणि चावी सुपरवायझरकडे नाही, क्वालिटीच्या कपाटात. ते म्हणाले, लिहा.

जेवणाच्या सुट्टीत मिन माझ्या शेजारी येऊन बसला. इंग्रजीत म्हणाला, "तुला एक सांगू? तुझ्या प्रत्येक मेलखाली अजून प्रोसेस इंजिनियर लिहिलेलं आहे."

आठ डब्या छापून आणल्या, मेलची सही बदलायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"चार महिन्यांपासून." मग त्याने स्वतःचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे बाहेरच्या देशात दाखवायचं कार्ड आहे. विमानतळावर उतरलो की मी मॅनेजर. परत गेलो की दोन पायऱ्या खाली. आमच्याकडे ही पद्धतच आहे."

आम्ही दोघं इतके हसलो की लिमये सर काळजीने बघायला लागले.

"सांगमूंसमोर मी असा कधी उभा राहिलो नाही," तो नंतर म्हणाला. "पण एक जनरल मॅनेजर आपल्या मालकासमोर नाही म्हणते, हे पाहिलं. ती जनरल मॅनेजर नाही, हेही मला माहीत होतं. मग मला बसून राहता येईना."

संध्याकाळी बोलणी लिहून काढली गेली. मी प्रत्येक ओळ वाचली. सातपुतेंचे चार यस त्यात होते, ते त्यांनी हात जोडून कमी करून घेतले. शेवटी पडद्याची आणि चावीची ओळ होती. तिच्याखाली सही करायच्या आधी मी आण्णांना बाजूला घेतलं.

"मी माझं खरं पद लिहिणार आहे."

"आता? आरं देवा. सांगमूला काय वाटंल?"

"त्यांच्या इंजिनियरला चार महिन्यांपासून माहीत आहे."

आण्णांनी मिनकडे पाहिलं. मिनने नम्रपणे मान झुकवली. आण्णांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "लिही बाई. तुज्याफुडं कुनाचं चाललंय आज."

मी लिहिलं: प्रोसेस इंजिनियर. हान साहेबांनी ते वाचलं, टेबलावरच्या कार्डाकडे पाहिलं आणि त्याखाली सही केली. जाताना दारात ऋतुजामार्फत एवढंच म्हणाले की दोन वर्षांत पहिल्यांदा एका पुरवठादाराने त्यांना खरा आकडा सांगितला.

खण बनायला सहा आठवडे लागले. दोन्ही प्रेस चालू आहेत. घरी बसणारे लोक पूर्ण महिना कामावर येतात. मामा साडेनऊच्या ऐवजी नऊ पॉइंट दोन, नऊ पॉइंट तीनपर्यंत जातात आणि नव्या पोरांना सांगतात की खण त्यांनी कोरियातून मागवलाय. कोरियन कंपनीने पत्रात मला जनरल मॅनेजर म्हणणं सोडलं नाही. लिमये सरांनी शेवटी मला असिस्टंट मॅनेजर केलं, पगारासकट. बाकीची पंचाण्णव कार्डं आईने ताब्यात घेतली. त्यांच्या मागच्या बाजूला ती आता वाण्याची यादी लिहिते.

या प्रकरणावरून मी धंद्याचा एक धडा घेतला. परदेशी लोक सत्तेकडे कसं बघतात, कोण वाकतं, कोण कुठं बसतं, हे शिकून जावं, त्याने फायदा होतो. पण त्याआधी दोन्ही बाजूंना एक गोष्ट विचारावी. या टेबलावर नाही म्हणायची परवानगी नक्की कुणाला आहे? आता प्रत्येक मोठ्या मीटिंगच्या आधी मी लिमये सरांच्या अजेंड्यात तेवढा एक रकाना वाढवते. सर तो छापतात. बहुतेक वेळा तो रिकामा परत येतो, आणि मग मी तिथं माझं नाव लिहिते.